पाळण्यापासून किती लांब? बाळाच्या खोलीत मॉनिटर बसवताना

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली की पाळणा, दुपटी, मच्छरदाणी यांच्या जोडीला हल्ली आणखी एक वस्तू घरात येते, बेबी मॉनिटर. जावई पुण्याहून मागवून पाठवतो, नाहीतर परदेशातली नणंद येताना बॅगेतून घेऊन येते. मी साताऱ्यात सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो, त्यामुळे तो बसवायला मला बोलावणं येतं. खोका उघडायच्या आधी घरातली आजी हमखास विचारते, "ह्याच्या लहरी पोराच्या टाळूला लागत्यात का रं?"

प्रश्न रास्त आहे. टाळू भरलेली नसते, कवटी पातळ असते, आणि हे यंत्र रात्रभर चालू राहणार असतं. माझं मत आधीच सांगतो. लहरींची काळजी टेपने अंतर मोजलं की बऱ्यापैकी मिटते. पण लोंबणारी वायर, बटण सेल आणि बदललेला नसलेला पासवर्ड यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि बाळाला खरी इजा होते ती अशा गोष्टींनी. म्हणून हा लेख लहरींपाशी थांबत नाही.

मॉनिटर हवाय का, हे आधी ठरवा

बाळ रात्री आईच्याच खोलीत झोपत असेल, आणि आपल्याकडे ते तसंच झोपतं, तर रात्री मॉनिटरचा उपयोग फारसा नाही. पहिले सहा महिने तरी बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते. मॉनिटर खरा कामाला येतो तो दिवसा. बाळ वरच्या मजल्यावर झोपलंय आणि आई खाली स्वयंपाकघरात आहे, घर लांबलचक आहे, आजीला कमी ऐकू येतं, किंवा आई दुसऱ्या खोलीत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करते. अशा घरी जरूर घ्या. बाळ झोपलं की चालू, उठलं की बंद, एवढी सवय लागली तरी दिवसातले कितीतरी तास लहरींचा प्रश्नच उरत नाही.

पायात मोज्यासारखं घालायचं किंवा लंगोटाला अडकवायचं सेन्सर यंत्र मात्र निरोगी बाळासाठी घेऊ नका. झोपेतल्या आकस्मिक मृत्यूपासून ते वाचवतं असं सिद्ध झालेलं नाही, आणि त्या हेतूने घरी असली यंत्रं वापरू नयेत असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत राहून आलं असेल, तर काय लावायचं ते डॉक्टर ठरवतील. दुकानदाराने किंवा मी ते ठरवायचं काम नाही.

यंत्रातून बाहेर काय पडतं

बाजारात साधारण तीन जाती मिळतात. पहिली, फक्त आवाजाची, डेक्ट तंत्राची. घरातल्या कॉर्डलेस फोनचं तंत्र तेच. दुसरी, स्वतःचा छोटा पडदा असलेली, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी. हिला इंटरनेट लागत नाही. तिसरी, वायफाय कॅमेरा, जो मोबाईलवर दिसतो. आपल्याकडे खपतो तो जास्त करून हाच.

तिन्हींतून रेडिओलहरीच निघतात. क्ष-किरणांसारख्या या लहरी रेणूंचे बंध तोडू शकत नाहीत, तेवढी ऊर्जाच त्यांच्यात नसते. शरीरावर त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊतींचं तापणं, आणि मर्यादा आखल्यात त्याच पायावर, बरीच सूट धरून.

आता आकडे. डेक्ट यंत्र प्रक्षेपण करतं तेव्हा २५० मिलिवॅटपर्यंत जातं, पण वेळेच्या चोवीस तुकड्यांपैकी एकाच तुकड्यात बोलतं, त्यामुळे सरासरी १० मिलिवॅटच्या आसपास पडते. वायफाय कॅमेरा साधारण १०० मिलिवॅटचा धरू. त्याच्या लहरी चारी दिशांना सारख्या पसरतात आणि तो न थांबता प्रक्षेपण करतो असं मानलं, तर एका फुटावर दर चौरस मीटरला सुमारे ८६ मिलिवॅट पडतात, तीन फुटांवर साडेनऊ, आणि सहा फुटांवर जेमतेम २.४. प्रत्यक्षात वायफाय सलग बोलत नाही, म्हणजे खरे आकडे याहून खाली. या वारंवारतेला सामान्य लोकांसाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाची मर्यादा आहे दर चौरस मीटरला १०,००० मिलिवॅट. भारताने मोबाईल टॉवरसाठी २०१२ पासून तिच्या एक दशांश मर्यादा ठेवली, म्हणजे १,०००. त्या कडक मापाने बघितलं तरी सहा फुटांवरचा कॅमेरा चारशे पटींहून खाली राहतो.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. अंतर दुप्पट केलं की लहरी चौथाईवर येतात. एका फुटावरचं यंत्र सहा फुटांवर नेलं तर छत्तीस पटींनी कमी. यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

मग कर्करोगाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना '२बी' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक, पुरावा मर्यादित'. तो पुरावा डोक्याला लावून तासन् तास वापरलेल्या मोबाईलबद्दलचा होता, खोलीच्या कोपऱ्यातल्या यंत्राबद्दलचा नव्हता. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. पण तान्ह्या बाळांवरचे थेट, लांब मुदतीचे अभ्यास थोडेच झालेत. जर्मनीचं किरणोत्सर्ग संरक्षण कार्यालय म्हणूनच बेबी मॉनिटर बाळापासून लांब ठेवायला सांगतं. मला हा मार्ग पटतो. फुकटात मिळणारी सावधगिरी सोडायची कशाला?

खरेदी करताना

आवाजाचं यंत्र घेणार असाल तर 'इको' किंवा 'व्हॉक्स' सोय आहे का बघा. या सोयीत बाळ रडलं तरच यंत्र बोलतं, एरवी गप्प असतं. काही स्वस्त यंत्रांत मात्र गप्प राहण्याच्या काळात दोन्ही भागांची जोडणी तुटली तरी कळत नाही. घरी आणल्यावर पालकांकडचा भाग घेऊन फाटकाबाहेर चालत जा. टप्प्याबाहेर गेल्यावर टूंटूं वाजलं पाहिजे. वाजलं नाही तर परत करा.

परदेशातून आलेल्या यंत्राचा अडॉप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. 'इनपुट १००–२४०' असं छापलेलं असेल तर ठीक. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळणार, कधी धुरासकट. शिवाय डेक्टचा पट्टा युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ आणि अमेरिकेत १९२० ते १९३० असा वेगवेगळा आहे, तेव्हा तिकडचं यंत्र इकडे लावायच्या भानगडीत पडू नका. इथे घेतलेल्या अडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या.

लहरींची धास्ती मनातून जातच नसेल, तर मी वायरचा कॅमेरा सुचवतो. नेटवर्कच्या (लॅन) वायरीतूनच वीज घेणारा पीओई कॅमेरा, वायर केसिंग-पट्टीतून बाहेरच्या खोलीपर्यंत, आणि कॅमेऱ्यात वायफाय असलंच तर सेटिंगमधून बंद. बाळाच्या खोलीत या यंत्राची एकही रेडिओलहर उरत नाही. खर्च आणि भिंतीला भोकं थोडी जास्त, पण आजी निवांत झोपते.

टेप घेऊन अंतर मोजा

इथे घाई करू नका, सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

आपल्याकडे बाळ पाळण्यात झोपतं, आणि पाळणा हलतो. खोलीच्या मध्ये कडीला साखळ्यांनी टांगलेला पाळणा झोक्याने दोन्ही बाजूंना चांगला दीड-दोन फूट जातो. म्हणून पाळणा स्थिर असताना मोजायचं नाही. एकाने पाळणा कॅमेऱ्याच्या बाजूला पूर्ण झोक्याइतका ओढून धरायचा, उशाकडचा दांडा जिथे येतो तिथे टेपचं टोक लावायचं, आणि तिथून सहा फूट. खोली लहान असेल तर चार फूट, पण तीनच्या आत कधीच नाही. कॅमेरा पाळण्याच्या दांड्याला, मच्छरदाणीच्या काठीला किंवा झोळीच्या स्प्रिंगला क्लिपने लावलेला मी जिथे जिथे पाहतो तिथून आधी काढतो. तिथे लहरी जास्त, वायर हाताशी, आणि यंत्र निसटलं तर थेट बाळाच्या अंगावर.

जागा निवडायची ती समोरच्या भिंतीचा वरचा कोपरा, जमिनीपासून सहा-सात फूट. फिशर (स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी) ठोकून स्क्रूने पक्का करा, दुतर्फी चिकटपट्टीवर भरवसा नको. साताऱ्यात पावसाळाभर भिंती ओल धरतात आणि चिकटपट्टी सुटते. वरून बाळाचं तोंड आणि छाती दिसली की पुरे. रात्री कॅमेऱ्याभोवती मंद लाल ठिपके दिसतात, ते इन्फ्रारेड दिवे. त्यांनी एवढ्या अंतरावरून डोळ्यांना त्रास होत नाही.

पालकांकडचा भागही विसरू नका. डेक्टमध्ये तोही लहरी सोडतो. दुपारी तो उशाशी ठेवून बाळाला कुशीत घेऊन झोपलात, तर पाळण्यापासूनचं सगळं मोजमाप वाया गेलं. तो समोरच्या फळीवर.

राउटर आणि मोबाईल

मॉनिटरबद्दल इतकं विचारणाऱ्या घरात राउटर पुष्कळदा बाळंतिणीच्या खोलीतच, पलंगाच्या उशाशी असतो, कारण फायबरची वायर तिथल्या खिडकीतून आत येते. तो आधी हलवा. यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा या भागातल्या जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फुटी असतात, त्यातून राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळपास जात नाही, २.४ चा बरा जातो. कॅमेऱ्याला सिग्नल कमी पडला की तो तोच डेटा पुन्हा पुन्हा, हळू वेगाने पाठवतो, म्हणजे हवेत जास्त वेळ बोलतो. म्हणून राउटर शेजारच्या खोलीत, दाराच्या सरळ रेषेत ठेवला की चित्रही नीट येतं आणि लहरीही कमी लागतात. गोडोली, शाहूनगरच्या नव्या फ्लॅटांत विटांच्या भिंती पातळ असतात, तिथे हॉलमधला राउटर पुरतो.

मला सगळ्यात खटकतो तो मोबाईल. बाळाच्या उशाखाली आवाज ऐकायला म्हणून व्हिडिओ कॉल चालू ठेवून मोबाईल सारतात. ४जी फोन २०० मिलिवॅटपर्यंत जातो, सिग्नल कमी असला की ताकद वाढवतो, आणि हे सगळं बाळाच्या डोक्यापासून बोटभर अंतरावर. मेढा, पाटणच्या खोऱ्यात, जिथे सिग्नलची एक दांडी मुश्किलीने येते, तिथे तर तो रात्रभर जोर लावत राहतो. वर कापसाखाली तापतो ते वेगळंच. जुना फोन कॅमेरा म्हणून वापरायचाच असेल तर सिम काढा, एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय सुरू करा, फोन समोरच्या फळीवर ठेवा. बॅटरी थोडीही फुगलेली वाटली तर तो फोन घरातच ठेवू नका. तुमच्या फोनची 'सार' (एसएआर) पातळी, म्हणजे शरीर त्याच्या लहरींतून किती ऊर्जा शोषतं त्याचं माप, *#०७# दाबल्यावर दिसते, भारतातली मर्यादा आहे दर किलोला १.६ वॅट. आजोबांनी बाळाला मांडीवर घेऊन तासभर फोनवर बोलणं हाही त्यातलाच प्रकार. फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवावा.

लहरी अडवतात म्हणून विकतात त्या सोनेरी स्टिकर, शेणाची चिप, तांब्याची पट्टी यांवर पैसे घालवू नका. फोनच्या अँटेनावर काही चिकटवलं आणि त्याने खरंच लहर अडली, तर फोन उलट ताकद वाढवतो. ऑनलाइन मिळणारी बरीचशी स्वस्त मापकं विजेच्या वायरींचं चुंबकीय क्षेत्र मोजतात, वायफाय मोजतच नाहीत. पाळण्याजवळ काटा नाचला तर तो बहुधा भिंतीतल्या वायरमुळे असतो, आणि घर उगाच घाबरतं.

वायर आणि सेल

अमेरिकेत मॉनिटरच्या वायरीचा फास बसून तान्ही बाळं दगावली, आणि २०११ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला इशारा द्यावा लागला की वायर पाळण्यापासून किमान तीन फूट लांब ठेवा. हे तीन फूटही झोका ओढून धरूनच मोजा. वायर भिंतीला धरून केसिंग-पट्टीत घ्या, मध्ये झोळ नको. पाळण्याखालून एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. तिथे दुधाची बाटली सांडते, शू गळते.

बाळ सातव्या-आठव्या महिन्यात कशालातरी धरून उभं राहायला लागतं आणि हात कुठवर पोचतो त्याचा अंदाज चुकतो. पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं, उभं राहिलं, दर टप्प्याला टेप पुन्हा काढा.

खोलीतला तापमापक किंवा मॉनिटरचा छोटा रिमोट बटण सेलवर चालत असेल, तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का बघा. नखाने उघडणारं झाकण असेल तर ती वस्तू त्या खोलीत नको. गिळलेला लिथियम बटण सेल अन्ननलिकेत अडकला की दोन तासांत खोल भाजू शकतो. शंका जरी आली तरी वाट बघू नका, घरगुती उपाय करू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या दवाखान्यात न्या, एक्स-रे लागतो. बाळाच्या खोलीतला प्रत्येक धोका मोजून पाहिला तर मला हा सेल लहरींपेक्षा कितीतरी पटींनी गंभीर वाटतो, आणि त्याबद्दल मला आजवर कुणी आपण होऊन विचारलेलं नाही.

पासवर्ड

वायफाय कॅमेऱ्यात आई बाळाला पाजताना दिसते. एवढं एक वाक्य मी प्रत्येक घरी बोलतो, मग पुढचं सगळे लक्ष देऊन ऐकतात. खोक्यावरचा मूळ पासवर्ड पहिल्या दहा मिनिटांत बदला. बाळाचं नाव किंवा जन्मतारीख नको, बारशाची पत्रिका सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरलेली असते. ओटीपीची दुहेरी खात्री सुरू करा. अॅपमध्ये अपडेट आलं की करा. लॉगिन मामा, मावशी, आत्या सगळ्यांना देऊ नका, बघायचंच असेल त्यांना व्हिडिओ कॉल आहे. वापर नसताना कॅमेऱ्याचा प्लग काढा, म्हणजे लहरी आणि डोकावणं दोन्ही थांबतं.

इंटरनेट नसलेली, स्वतःच्या पडद्याची जात या बाबतीत उजवी. बाहेरगावच्या वडिलांना बाळ दिसत नाही, एवढीच तिची अडचण.

वीज गेली की

पावसाळ्यात वादळवाऱ्याने वीज जाते, राउटर बंद पडतो आणि मोबाईलवरचं चित्र गोठतं. गोठलेल्या चित्रातलं बाळ शांत झोपलेलंच दिसतं. म्हणून पडद्यावर सेकंदासकट घड्याळ चालू ठेवा. सेकंद पुढे सरकत नसेल तर उठून खोलीत जा. राउटरला छोटा यूपीएस जोडा, आणि एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून काय चालू राहतं, काय पडतं ते बघा.

बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुलईशिवाय निजवणं हे मॉनिटर करत नाही. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडू शकतो, आणि कॅमेऱ्यात तेही गाढ झोपेसारखंच दिसतं. ओठ निळसर होणं, दूध न ओढणं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, यातलं काही दिसलं तर पडद्याकडे बघत बसू नका, बाळाला उचला आणि डॉक्टरकडे निघा.

समोरच्या टॉवरचं काय?

मॉनिटर बसवून झाला की गच्चीवरून टॉवर दाखवतात. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' पोर्टल २०१७ पासून आहे. तिथे आपल्या भागातला टॉवर शोधून तो मर्यादेत आहे का ते बघता येतं, आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. गल्लीतल्या कुणाच्या सांगण्यावरून घर बदलायचा विचार करण्याआधी हे करा.

मुलगी सासरी निघताना

तीन महिन्यांनी बाळंतीण परत निघते. कॅमेरा ती नेते, किंवा तो माहेरीच राहतो आणि पुढच्या वर्षी चुलतबहिणीच्या बाळासाठी जातो. देण्याआधी आतलं मेमरी कार्ड काढून घ्या, रिसेटच्या बारीक भोकात पिन दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आणि स्वतःच्या मोबाईलमधल्या अॅपमधूनही तो कॅमेरा काढून टाका. नाहीतर नव्या घरातलं चित्र जुन्या मोबाईलवर येत राहतं. सासरच्या घरी खोली वेगळी, भिंती वेगळ्या, पाळण्याची कडी वेगळी. कॅमेऱ्याबरोबर टेपही द्या.